टाकींतील मुका पंप

'पेट्रोल-पंप' हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें हमरस्त्याच्या कडेचें विक्रीचें ठिकाण उभें राहतें. तेथील रांग, तेथील दर, आणि मापाविषयीं ग्राहकाच्या मनांत वसत असलेली चिरंतन शंका यांवर बोलावयाचें झाल्यास आजचीं पंधरा मिनिटें अपुरीं पडतील. मला बोलावयाचें आहे तें दुसऱ्याच एका पंपाविषयीं. तो आपल्या मोटारीच्या टाकींत, पेट्रोलांत बुडून, मुठीएवढ्या जागेंत राहतो, विजेवर चालतो, आणि जोंवर चालतो तोंवर त्याचें अस्तित्वहि कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तो मुका झाला म्हणजे मात्र सारें घर खोळंबतें.

येवल्यासारख्या गांवीं हा खोळंबा मोठ्या शहरांतल्यापेक्षां अधिक जाचतो. येथून नाशिक सुमारें ८५ किलोमीटर. समजा, घरांतील वडील माणसाला नाशिकच्या डॉक्टरांनीं सकाळीं दहाची वेळ दिली आहे. पहाटे मोटार काढावयास जावें तों इंजिन फिरतें, पण पेट घेत नाहीं. शेजारचा एखादा जाणता गृहस्थ दोन क्षण कानोसा घेतो आणि सांगतो, "पंप गेला." हे दोन शब्द फार महाग पडतात. गाडी ओढून नेण्याचा खर्च, नव्या पंपाचे कांहीं हजार रुपये, दोन-चार दिवसांची अडचण. आणि एवढें सारें करून बसविलेला नवा पंपहि मुकाच राहिला, अशीं उदाहरणें थोडीं नाहींत. कारण जुना पंप मेलेला नव्हताच. त्याच्यापर्यंत वीज पोहोंचत नव्हती. पंप मेला आहे कीं नुसता उपाशी आहे, एवढा एकच प्रश्न घरच्या घरीं कसा सोडवावा, तें आज सांगण्याचा विचार आहे.

पूर्वीं हा प्रश्नच नव्हता. फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडींत, म्हणजे १९०८ ते १९२७ या काळांत, पेट्रोल स्वतःच्या वजनानेंच टाकींतून इंजिनाकडे उतरे. टाकींत पेट्रोल थोडें आणि चढ उभा, असा योग आला म्हणजे तें इंजिनापर्यंत पोहोंचेना. मग चालक गाडी वळवून उलट्या चालीनें चढ चढवीत. पुढें इंजिनाच्याच हालचालीवर चालणारा पडद्याचा पंप आला. आपल्याकडील प्रीमियर पद्मिनी आणि पहिल्या पहिल्या मारुती ८०० या गाड्यांत तोच होता, व त्याचा विजेशीं कांहीं संबंध नव्हता. मॉरिस मायनरसारख्या इंग्रजी गाड्यांना मात्र त्या काळींहि एस्. यू. या नांवाचा विजेचा पंप असे. किल्ली फिरवतांच तो टिकटिक करूं लागे, आणि कार्ब्युरेटर भरला कीं थांबे. टिकटिक थांबेचना तर टाकी रिकामी किंवा नळींत हवा शिरलेली. टिकटिक मुळींच ऐकूं आली नाहीं तर आंतील स्पर्शबिंदु काजळलेले, असें अनुभवी चालक कानानेंच ओळखी, आणि पंपाच्या अंगावर एक टिचकी मारून त्याला जागें करी. २००० सालच्या सुमारास धुराविषयींचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर मागें पडला, आणि पेट्रोल बारीक तुषारांच्या रूपानें इंजिनांत फवारण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. फवाऱ्याला दाब हवा : दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ३ ते ४ किलोग्रॅम. इतका दाब पडद्याच्या पंपाच्या आवाक्यांतला नव्हे. म्हणून विजेचा पंप आला, आणि तो टाकींतच बसविण्यांत आला. कारण सभोंवतालचें पेट्रोलच त्याला थंड ठेवतें आणि वंगणाचेंहि काम करतें.

आतां निदानाकडे वळूं. पहिलें साधन कान. आकाशवाणीच्या श्रोत्यांना तें वापरण्याची संवय आहेच. मागल्या बैठकीवर एकानें बसावें, पंखा आणि संगीत बंद ठेवावें, आणि दुसऱ्यानें किल्ली 'चालू' या खुणेपर्यंत फिरवावी. इंजिन मात्र फिरवूं नये. ज्या गाडींत किल्लीऐवजीं बटण असतें तेथें ब्रेक न दाबतां बटण बहुधा दोनदां दाबावें लागतें. बैठकीखालून भुंग्याच्या गुंजनासारखा आवाज सुमारें दोन सेकंद येऊन थांबला पाहिजे. गाडींतील संगणक पंपाला एवढीच मुदत देतो. तेवढ्यांत इंजिन फिरूं लागलें नाहीं तर तो वीज तोडतो. अपघातांत नळी तुटली असतां पंपानें रस्त्यावर पेट्रोल ओतीत राहूं नये, यासाठीं ही योजना आहे. आवाज नीट येत असूनहि इंजिन पेट घेत नसेल, तर विजेचा तेथपर्यंतचा मार्ग बव्हंशीं निर्दोष समजावा, आणि चोंदलेली गाळणी, कमी पडणारा दाब किंवा ठिणगी यांचा संशय धरावा. तो आजचा विषय नव्हे. आवाज मुळींच येत नसेल तर पुढें चलावें.

विहिरीवरील मोटार सुरू झाली नाहीं म्हणून शेतकरी लागलीच विहिरींत उतरत नाहीं. तो आधीं फ्यूज पाहतो, स्टार्टर पाहतो, वीज किती दाबानें येते तें पाहतो. विहीर सर्वांत शेवटीं. मोटारीच्या बाबतींत मात्र शहाणीं माणसेंहि थेट टाकीला हात घालतात, याचें मला नवल वाटतें.

टाकीच्या जवळपास काम करावयाचें तर आधीं एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. पेट्रोलची वाफ शून्याखालीं सुमारें ४० अंशांवरहि ठिणगीनें पेट घेऊं शकते, आणि ती हवेपेक्षां जड असल्यामुळें खालीं, गाडीच्या तळाशीं, साचून राहते. म्हणून गाडी मोकळ्या अंगणांत आणावी, चारी दारें उघडावीं, विडी-काडी व देवापुढील निरांजनहि दूर ठेवावें, आणि वाळूची एक बादली जवळ असूं द्यावी. पेट्रोलचा वास येत असेल तर येथेंच थांबावें. बॅटरीची तार सोडून कारागिराला बोलवावें. कोणतीहि जोडणी काढतांना अथवा लावतांना किल्ली बंद असलीच पाहिजे, कारण चालू प्रवाह तोडतांना हमखास ठिणगी उडते. बैठकीखालीं पिवळे कनेक्टर दिसल्यास ते अपघातसमयीं फुगणाऱ्या पिशव्यांचे असतात. त्यांस हात लावूं नये. संकरित गाडींतील नारिंगी तारांकडे तर बोटहि नेऊं नये. आणि टाकींतून पंप बाहेर काढण्याचें काम घरीं करूंच नये. आपलें क्षेत्र टाकीच्या झांकणापर्यंत. त्याच्या आंत कारागिराचें.

आतां बॅटरी. विसांवा घेतलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, आणि इंजिन फिरवतांना तो साडेनऊ-दहाच्या खालीं जाऊं नये. बॅटरी दुबळी असली कीं पंप व संगणक दोघेहि भ्रमिष्टासारखे वागूं लागतात, आणि दोष भलत्याच्या माथीं बसतो. याच वेळीं समोरच्या फलकावर कुलपाची अगर किल्लीची खूण लुकलुकत आहे काय, तेंहि पाहावें. चोरीप्रतिबंधक यंत्रणेनें किल्ली ओळखली नसेल तर पुष्कळ गाड्यांत पंपाला वीज दिलीच जात नाहीं. दुसरी किल्ली लावून पाहतांच सारा ग्रंथ आटोपतो. फोर्ड आणि फियाट यांच्या कांहीं गाड्यांत आदळ्यासरशीं पेट्रोल तोडणारा एक खटका असतो. खड्ड्याच्या जबर धक्क्यानेंहि तो उडूं शकतो. तो पुन्हां दाबला कीं काम झालें. आपल्या रस्त्यांची स्थिति पाहतां हा खटका कोठें आहे तें त्या गाड्यांच्या मालकांनीं पुस्तिकेंतून आजच पाहून ठेवावें.

यानंतर फ्यूज. तो कोणता, हें डब्याच्या झांकणावर छापलेलें असतें. बहुधा १५ किंवा २० अँपियरचा. नुसत्या डोळ्यांनीं पाहून त्याला निर्दोष ठरवूं नये, कारण आंतील पट्टीला गेलेली केसाएवढी चीर दिसत नाहीं. त्याच आंकड्याचा दुसरा घालून पाहावा. मोठ्या आंकड्याचा, किंवा तारेचा तुकडा गुंडाळलेला, कदापि घालूं नये. फ्यूज जळतो तो कशामुळें तरी जळतो, आणि त्याच्या जागीं तार घातली म्हणजे पुढच्या वेळीं जळण्याचा मान गाडीकडे जातो.

फ्यूजचा शेजारी म्हणजे रिले. संगणकानें दिलेल्या अल्पशा प्रवाहानें त्यांतील लोहचुंबक जागा होतो, आणि तो पंपाकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहाचें दार उघडतो. बहुतेक रिलेंच्या पायांवर ८५, ८६, ३० आणि ८७ असे आंकडे असतात : पहिले दोन चुंबकाचे, दुसरे दोन दाराचे. दार उघडतांना 'टक्' असा आवाज येतो. परंतु तो आला म्हणून रिले धड आहे असें समजूं नये, कारण दार उघडूनहि उंबरठा करपलेला असूं शकतो. सोपी युक्ति अशी कीं, भोंग्याचा रिले त्याच जातीचा व त्याच क्रमांकाचा असल्यास दोहोंची अदलाबदल करावी. पंप गाऊं लागला आणि भोंगा मुका झाला, तर चोर सांपडला. भोंग्यावांचून नाशिक गांठणें फार तर कष्टाचें आहे. पंपावांचून अशक्य आहे.

एवढ्यानें उलगडा झाला नाहीं, तर मागली बैठक उचलून पंपाच्या कनेक्टरपाशीं यावें लागतें. ज्या गोष्टीसाठीं मी मुख्यतः आज बोलावयास आलों ती हीच. येथें बहुतेक हौशी लोक कनेक्टर सोडवून त्याला मल्टिमीटर लावतात. यंत्र १२ व्होल्ट दाखवितें. "वीज तर येते आहे, मग पंपच गेला," असा निकाल दिला जातो. हा निकाल चुकीचा असण्याचा संभव बराच असतो. मल्टिमीटर हें अत्यंत अल्पाहारी यंत्र आहे; तें तारेंतून जवळ जवळ कांहींच प्रवाह घेत नाहीं. पंप मात्र ५ अँपियरच्या आसपास मागतो. वाटेंतील एखाद्या सांध्याचा रोध अवघा २ ओहम असला, तरी त्यांतून ५ अँपियर वाहवावयाचे तर १० व्होल्ट तेथेंच खर्ची पडतील. अर्थात् पंपाला पुरेसा प्रवाह मिळूंच शकत नाहीं. नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला तर आंतला दाब पुरता जाणवतो. पण मध्यें नळी चोंदली असेल तर अंगठा काढतांच करंगळीएवढी धारहि पडत नाहीं. दाब असणें निराळें आणि धार असणें निराळें, हें अवर्षणाशीं जुनी ओळख असलेल्या येवले तालुक्यांत कोणाला समजावून सांगावें लागू नये.

तेव्हां त्या तारेला कांहीं काम देऊन पाहिलें पाहिजे. मोटारीच्या पुढल्या दिव्याचा ५५ वॉटचा जुना बल्ब कोणत्याहि गॅरेजांत फुकट मिळतो. दोन तारांपैकीं एक जळालेली आणि दुसरी शाबूत, असाहि चालतो. पंचावन्नास बारांनीं भागिलें असतां सुमारें साडेचार अँपियर येतात, म्हणजे त्याची भूक पंपाएवढीच झाली. त्याला दोन लांब वायरी जोडाव्या. इतक्या लांब कीं बल्ब गाडीच्या बाहेर, टाकीपासून दूर, फरशीवर ठेवतां येईल, कारण तो क्षणांत चटका देण्याइतका तापतो. किल्ली बंद असतांना वायरींचीं टोकें कनेक्टरांतील दोन जाड तारांच्या जागीं पक्कीं बसवावीं. बारीक तारा असतात त्या पेट्रोलच्या कांट्याच्या. त्यांना हें ओझें झेपणार नाहीं. मग घरांतील दुसऱ्या माणसानें किल्ली फिरवावी. बल्ब दोन सेकंद पांढराशुभ्र पेटला, तर तारा, रिले, फ्यूज हे सारे निर्दोष, दोष पंपाचा. तो मुळींच पेटला नाहीं किंवा निखाऱ्यासारखा तांबूस दिसला, आणि मल्टिमीटर तर १२ व्होल्ट दाखवीत होता, असें झालें म्हणजे वाटेंत कोठें तरी गळचेपी आहे. ती येण्याच्या वाटेवर आहे कीं परतीच्या, हेंहि लगेच कळतें. परतीच्या तारेवरील टोक काढून तें गाडीच्या सांगाड्याच्या एखाद्या स्वच्छ, उघड्या बोल्टाला टेकवावें. आतां बल्ब झगझगीत पेटला तर परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, बिघडलेली. तरीहि मंदच राहिला तर येण्याची. मात्र अलीकडील कांहीं गाड्यांत पंपाचा वेग स्वतंत्र नियंत्रकाकडून कमीजास्त केला जातो. तेथें हा प्रयोग करूं नये. पुस्तिकेंत तसा उल्लेख असल्यास काम कारागिरावर सोंपवावें.

अर्थिंगचा दोष सर्वांत अधिक आढळतो आणि सर्वांत कमी शोधला जातो. गाडी धुतांना सतरंजीखालीं पाणी मुरतें, बोल्टाभोंवतीं गंज चढतो, आणि कनेक्टरच्या पितळी जिभांवर कळंक धरतो. हा तोच हिरवा कळंक, जो स्वयंपाकघरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांवर चढतो. येथें मात्र चिंच लावूं नये. बारीक पॉलिशकागदानें घांसून कोरडें पुसावें. एखाद्या जिभेभोंवतीं प्लॅस्टिक तपकिरी होऊन करपलेलें दिसलें तर घांसण्यानें भागणार नाहीं. तें टोक बदललें पाहिजे, एरव्हीं नवा पंपहि त्याच जागीं अडखळेल.

दुसरा शत्रु चतुष्पाद आहे. येवलें, लासलगांव हा सारा कांद्याचा मुलूख. घरोघरीं चाळी, चाळींत उंदीर, आणि रात्रीं इंजिनाच्या उबेला येऊन ते तारांचीं आवरणें कुरतडतात. बॉनेटखालीं लेंड्या किंवा चिंध्या दिसल्या तर रिलेपासून टाकीपर्यंत तार बोटांखालून घालीत जावें. पैठणीच्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला म्हणजे विणकर सारा ताणा फेंकून देत नाहीं. तुटलें कोठें तें हुडकून सांधतो. तारेचेंहि तसेंच. फक्त तिला नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली तर तो सांधा वर्षभरांत पुन्हां कळंकतो, आणि टाकीजवळ डाग देण्याची तापलेली इस्तरी चालवावयाची नाहीं. म्हणून दाबून बसविण्याची नळकांडी वापरावी.

एक प्रकार फार छळणारा आहे. वैशाखांत दुपारीं गाडी अर्धा तास बरी चालते, मग एकाएकीं बंद पडते, आणि झाडाखालीं घटकाभर उभी ठेवली कीं निमूटपणें सुरू होते. अशा वेळीं थंड गाडीवर केलेल्या सर्व परीक्षा निष्फळ होतात. रिलेच्या आंतील डागाची जोडणी तडकलेली असते ती तापल्यावर सुटते, किंवा झिजलेला पंप तापून आंखडतो. यावर उपाय एकच : ती बंद पडेल तेथेंच, तिच्या रागाच्या भरांतच, रिले बदलून आणि बल्ब लावून पाहावें. दोन्ही वस्तु म्हणून डिकींतच असाव्या.

समजा, बल्ब शुभ्र पेटला आणि पंप तरीहि मुका. निघतां निघतां एक प्रयोग करावयास हरकत नाहीं. एकानें इंजिन फिरवावें, दुसऱ्यानें टाकीच्या तळाशीं रबरी हातोडीनें हलक्या दोन थापा माराव्या. लोखंड वापरूं नये. पंप जागा झाला तर समजावें कीं आंतील कार्बनचे ठोकळे झिजले आहेत, आणि ही उसनी मिळालेली घटका आहे. आजोबांच्या मॉरिसला टिचकी, नातवाच्या टाकीला थाप. एवढाच काय तो फरक. पण यानंतर इंजिन बंद न करतां थेट कारखाना गांठावा. चहासाठीं मध्यें थांबूं नये.

पंप अकालीं कां मरतो, यास पुष्कळदां आपणच कारण असतों. गॅसवरील गाड्या वाढल्यापासून टाकींत दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवून वर्ष काढण्याची चाल पडली आहे. बाहेरून बसविलेल्या कांहीं गॅस-संचांत गाडी गॅसवर असतांनाहि पंप फिरतच राहतो; त्याच्या भोंवतीं पेट्रोल नसलें कीं थंडावा नाहीं, वंगण नाहीं, आणि तो जळतो. टाकी पाव भागाखालीं जाऊं देऊं नये. आतां पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व इथेनॉल पाणी ओढून घेतें. म्हणून महिनोन् महिने तेंच पेट्रोल टाकींत पडूं देणेंहि बरें नव्हे.

कधीं दोष सर्वस्वीं कारखान्यांतला असतो. जुलै २०२० मध्यें मारुती सुझुकीनें वॅगन आर आणि बलेनो या जातींच्या १,३४,८८५ गाड्या पंपाच्या संशयावरून परत बोलाविल्या. २०२४ सालीं होंडानें आपल्या ९०,४६८ जुन्या गाड्यांचे पंप बदलून देण्याचें जाहीर केलें. होंडाच्या बाबतींत दोष आंतील पंख्यासारख्या फिरणाऱ्या चकतीचा होता. अमेरिकेंतहि जपानी कंपन्यांना लाखों गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. चकतीचें प्लॅस्टिक पेट्रोल शोषून फुगे आणि कडेला घांसून अडे. असे पंप विनामूल्य बदलून मिळतात. तेव्हां पदरचे पैसे मोजण्यापूर्वीं गाडीचा चासी-क्रमांक विक्रेत्याला सांगून आपली गाडी त्या यादींत आहे काय, याची चौकशी करावी.

शेवटीं गाडी कारखान्यांत नेणें भागच पडलें तर रिकाम्या हातानें जाऊं नये. एका कागदावर लिहावें : किल्ली फिरवल्यावर आवाज आला कीं नाहीं, बॅटरी किती व्होल्ट, रिले बदलून काय झालें, कनेक्टरपाशीं बल्ब पांढरा पेटला कीं तांबडा, टाकींत पेट्रोल किती होतें. हा कागद कारागिराच्या हातीं द्यावा, आणि त्यानें पंप बदललाच, तर काढलेला जुना पंप व कनेक्टरचें करपलेलें टोक दोन्ही परत मागून घ्यावीं.